दोन-चार शेळ्या

धुळवड, दुपार

गायरानात खांब रोवायला लागले आन् ते मला धुरपदीच्या तोंडून कळावं? गिरणीतून दळण घेऊन जाता जाता ती म्हणती, "रंभे, तुझ्या नातीच्या सोलरचं काम लागलं की गं." तुझ्या नातीच्या. गावात आता असंच म्हणत्यात. मी शेणाचे हात तसेच घेऊन माळावर गेले. मशीन लावून भोकं पाडायचं चाललंय. पोरं सगळी हिंदी बोलणारी. त्यातला एक म्हणतो, "माताजी, इधर मत आओ, गिर जाओगे." माझा जन्म त्या माळावर गेला आन् हा मला पडायची भीती घालतोय.

ऋतिके, आता आशीर्वाद घे. तो पत्राच्या आधी लिहायचा असतो, ठाऊक हाय मला, तिसरीपर्यंत शाळा झालीय माझी. पण तू फोन उचलत न्हाईस, आन् उचललास तर "आज्जे, मिटिंगमध्ये हाय" म्हणून ठेवतीस. पत्र मिटिंग सुटल्यावर बी वाचता येतं. तुझ्या हापिसाचं कार्ड फडताळात होतं, त्यावरचा पत्ता घातलाय.

मार्गशीर्षात तू चार माणसं गाडीत घालून गायरानाच्या सर्वेला आणलीस. तवा म्हणालीस, "आज्जे, आजवर विजेवाले त्यांचं त्यांचं ठरवायचे, शेतीवाले त्यांचं, कायदेवाले त्यांचं. एकाला दुसऱ्याचं ठाऊक नसायचं, म्हणून गावाचं वाटोळं व्हायचं. आता आम्ही सगळे एका टेबलाभोवती बसतो. वीज शिकलेला, हिशेब शिकलेली, कायदा शिकलेला, आन् ही रश्मी, ही माणसांचा अभ्यास करती." मी म्हणाले, माणसांचा काय अभ्यास करायचा, ती दिसत्यातच. तुम्ही सगळी हसलात. पण मला पटलं तुझं. पटलं म्हणून तर घरोघर तुमच्या म्होरं चालले, म्हणाले, माझ्या नातीची माणसं हायेत, बोला त्यांच्याशी. न्हाईतर या वस्तीवर कोण बोललं असतं?

आता ऐक. तुमच्या टेबलाला सांग की पावसाळ्याचे चार महिने त्या गायरानात तुझ्या बापाची मेंढरं असत्यात. तुम्ही आला तवा ती घाटाखाली होती, म्हणून माळ तुम्हाला रिकामा दिसला. दिवाळी झाली की म्हाळू मेंढरं घेऊन राहू गावावरनं नदी उतरून जातो आन् मृगाला येतो, हे तुला मी सांगायचं? तुला माझ्याजवळ शाळेला ठेवून तुझे आईबाप दरसाल गेले. आन् पेरण्या झाल्या की मेंढराला उभं राहायला गायरान सोडून कुणी टीचभर जागा देत न्हाई, हे बी मीच सांगायचं?

खांब अजून एका कडेलाच हायेत. तोवर थांबव.

म्हाळूला मी कळवलेलं न्हाई. वाटंवर हाय, उगं जिवाला घोर कशाला. तू निस्तर, मग सांगू.

तुझी आजी रंभा


अक्षय तृतीया

तुझं पत्र आलं, टाईप केलेलं. हातानं लिहायला विसरलीस का माझ्यापुरतं हात दुखतो?

मला दोनदा वाचावं लागलं. एकदा कळायला आन् एकदा खरं वाटायला. तू लिहितीस, तुमच्या सर्वेच्या रिपोर्टात जमीन पडीक, वापरात न्हाई असं आलं, कारण वस्तीवरच्या लोकांनीच तसं सांगितलं. आन् तू या गावची, म्हणून तुला त्यात स्वतःचं काही घालता येत न्हाई. घातलंस तर टेबलावरचे म्हणतील, हिनं बापाचं बघितलं. जे विचारलं आन् जे सांगितलं तेवढंच धरायचं, असा नियम हाय म्हणे.

लोकांनीच म्हंजी कुणी, ते का न्हाई लिहिलंस? मीच सांगितलं. रश्मीनं विचारलं, "आजी, तुमची गायरानात किती जनावरं चरतात?" मी म्हणाले, "कुठली जनावरं बाई, दोन-चार शेळ्या हायेत." धुरपदीनं बी तेच सांगितलं. तिच्या पलीकडच्या घरानं बी तेच. धनगराच्या दारात दुसरं काय ऐकायला मिळणार होतं? मेंढरं वाटंवर असताना परक्या माणसाला त्यांचा आकडा सांगायचा, टॅबात लिहून घ्यायचा, आन् मग दृष्ट लागली म्हणून रडत बसायचं? माझ्या सासूनं सांगितला न्हाई, मी सांगितला न्हाई. तू लहान असताना गुरुजींनी विचारलं म्हणून आकडा सांगून आलीस. मी तुझ्या थोबाडीत ठेवून दिली होती. त्याच आठवड्यात मेंढरांभोवती लावलेल्या वाघरीच्या जाळ्यातून लांडगं आत शिरलं, आठवतंय? म्हंजी तुला ठाऊक होतं.

रश्मीनं विचारलं तवा तू तिच्या शेजारी बसली होतीस. मी तुझ्याकडं बघितलं. मला वाटलं, पोरगी हिला नंतर बाजूला घेऊन सांगंल की आमच्यात असं असतं, म्हातारीचं दोन-चार धरून चालू नको. तू मान खाली घातलीस आन् दोन-चार लिहिलंस.

बरं, हरकत घ्या म्हणालीस, तर घेतली. शिरूरच्या तहसिलात यष्टीनं गेले. तिथला साहेब बरा होता, खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाला, "आजी, जनावरांच्या सरकारी मोजणीत पण तुमच्या वस्तीवर शेळ्याच आहेत. मेंढ्या कुठं दिसत नाहीत." आता त्या मोजणीला बी उंबऱ्यात मीच बसले होते, हे त्याला काय सांगू? मी म्हणाले, "मेंढरं घाटाखाली हायेत." तो म्हणाला, "मग ती तिकडच्या मोजणीत असतील." म्हाळू तिकडं काय सांगत असंल ते मला ठाऊक हाय आन् तुला बी.

मग रश्मीकडून नंबर घेऊन तुझ्या टेबलावरच्या एकेकाला फोन लावला. वीजवाला म्हणाला, "आजी, जागेचं आमच्याकडं नाही, आम्हाला मोकळी जागा दाखवली तिथं आम्ही खांब मांडले." कायदेवाला म्हणाला, कागद बरोबर हायेत, वापराचं रश्मीला विचारा. रश्मी म्हणाली, मी एकटीनं ठरवलं न्हाई, सगळ्यांनी मिळून ठरवलं. हिशेबवाल्या बाईनं फोनच उचलला न्हाई, ती तेवढी तुझ्यासारखी. आधी चौघं वेगळी बसायची तवा निदान कुणाच्या दारात जाऊन भांडायचं ते कळायचं. आता तुम्ही सगळी एका टेबलाला बसताय आन् ते टेबल कुठं हाय ते मला सापडंना.

जाळी लावायचं काम निम्म्यावर आलंय. मृगाला किती दिवस राहिले ते तू मोज, तुला मोजायची सवय हाय.

रंभा


मृग सरता सरता

तुझा बाप आला.

मेंढरं रस्ता सोडून आपली आपण गायरानाकडं वळली. दरसालची वाट, त्यांना हाकावं लागत न्हाई. म्होरची घंटीवाली शेळी जाळीला जाऊन भिडली आन् थांबली. मागची मेंढरं तिच्या अंगावर, त्यांच्या मागची त्यांच्या अंगावर, नुसता कालवा. तुझी आई घोडीची दोरी धरून रस्त्यातच उभी. म्हाळूनं जाळी हातानं हलवून बघितली, जशी काय आपलीच वाघर हाय, खुंट्या उपसल्या की निघंल.

"आई, हे कवा झालं?"

"शिमग्याला."

"शिमग्याला मी फोन केला होता."

"व्हय."

"तू म्हणालीस घरी सगळं बेस हाय."

मी म्हणाले, "पोरीला लिहिलंय. ती बघतीया."

"कुठली पोरगी?"

"तुझी. तिच्याच हापिसानं सर्वे केला."

तो तांब्याभर पाणी पिला आन् मेंढरं वळवायला गेला. मेंढरं वळंनात. कुत्रं आन् म्हाळू दोघं मिळून दिवस मावळंपर्यंत त्यांना जाळीपासून तोडत होते. मेंढरं वळवायचा आटापिटा तू लहानपणी बघितलायस, मी जास्त लिहीत न्हाई.

आता मेंढरं रस्त्याच्या कडंच्या चारीत उभी हायेत. एक टेम्पो जोरात आला की निम्मी इकडं, निम्मी तिकडं. परवा काही ज्योतिबाच्या उगवत्या बाजरीत शिरली. ज्योतिबा म्हंजी धुरपदीचा पोरगा, तुझ्या वर्गातला. मला वाटलं आता काठ्या निघत्यात. तो येऊन बांधावर उकिडवा बसला. म्हणाला, "मामा, मी तुमच्या वाईटावर न्हाई. पण मला रात्रीची लाईट. मी पाणी धरायला जातो आन् बिबट्या बांधावर माझी वाट बघत बसलेला असतो. घरी बायको जागी. या सोलरनं दिवसा लाईट मिळणार असंल तर मी नको कसं म्हणू?"

म्हाळू म्हणाला, "नको म्हणू नकोस. मेंढरं कुठं उभी करू, तेवढं सांग."

मग ज्योतिबानं तंबाखू मळली, म्हाळूला दिली आन् उठून गेला. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. भांडणाचं काहीतरी होतं, चार माणसं मधी पडत्यात. इथं कुणाचंच चुकलेलं न्हाई, मग मधी कोण पडणार?

राहूचे तात्याबा दर दिवाळीनंतर आपली मेंढरं शेतात खतासाठी बसवून घेत्यात, त्यांना म्हाळूनं फोन लावला. ते म्हणाले, "म्हाळू, ऊस कंबरंला लागलाय. दिवाळीनंतर ये, तवा कवाबी ये. आता कुठं बसवू?" बरोबरच हाय त्यांचं.

तुझ्या बापानं अजून तुझं नाव काढलं न्हाई. चांगलं का वाईट, ते तू ठरव. म्होरल्या साली एका टेबलावर बसणार असाल तर त्याचा सवाल वर ठेवा. तो मोठा न्हाई. मेंढरं कुठं उभी करू.

रंभा


गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी

श्रावणात मेंढरं विकली. चाकणच्या बाजारात न्यायची बी गरज पडली न्हाई, व्यापारीच टेम्पो घेऊन दारात आला. म्हाळू एकेकीला उचलून वर चढवत होता आन् व्यापारी मोठमोठ्यानं मोजत होता. आपल्या दारात आकडा असा ओरडून सांगितलेला मी जन्मात ऐकला न्हवता. धुरपदी बी बाहेर येऊन उभी राहिली. तुझी आई आत गेली आन् भांडी घासत बसली, घासलेलीच. शेवटी व्यापाऱ्यानं घंटी मागितली, म्हाळूनं सोडून दिली.

तो आता कारेगावला असतो. ठेकेदाराकडून कंपनीत पेट्या उचलतो. पत्र्याच्या खोलीत चार यूपीची पोरं आन् हा. ती त्याला चाचा म्हणत्यात, भात करून घालत्यात. रविवारी आला होता. म्हणाला, "सकाळी गेटवर ओळीत उभं करून सुपरवायझर आम्हाला मोजतो, आई. बोट करून."

मी त्याला माझं दोन-चार शेळ्यांचं सांगितलं न्हवतं. धुरपदीनं सांगितलं, तिच्या तोंडाला कधी झाकण होतं? मला वाटलं आता म्हाळू बोलंल मला. तो भाकरी खात होता. म्हणाला, "मी बी तेच सांगितलं असतं." आन् कालवण मागितलं.

दिवसाची लाईट आली. ज्योतिबा रात्रीचा घरी झोपतो, त्याच्या बायकोच्या तोंडावर आता तरतरी हाय. खोटं कशाला बोलू, हे बी लिहून घ्या तुमच्या रिपोर्टात.

तू पाठवलेलं औषध मिळालं. गुडघा तसाच हाय.

रंभा


दिवाळीचा पाडवा

आज ओवाळायला मेंढरू न्हाई. तुझ्या आईनं सवयीनं ताट केलं, मग ते घेऊन उभी राहिली. मी म्हणाले, कुत्र्याला ओवाळ. तिनं ओवाळलं. त्यानं कुंकू चाटलं.

पत्र लिहायचं कारण निराळंच हाय. परवा रश्मी येऊन गेली. बरोबर एक गवताचा डॉक्टर आन् एक जनावरांचा डॉक्टर. टेबल वाढलेलं दिसतंय. रश्मी आपली सरळ भुईवर बसली, चांगली पोरगी हाय, मी काय तिला वाईट म्हणत न्हाई. म्हणाली, "आजी, सोलरच्या पाट्यांखाली गवत माजलंय. पाट्यांवर सावली पडते, वीज कमी होते. मशीननं कापलं तर दगड उडून काचा फुटतात. मग आम्ही सगळे एकत्र बसलो. गवतवाले, वीजवाले, कायदेवाले. आणि ठरलं, की आत मेंढ्या सोडायच्या. गावातल्याच. पावसाळाभर. मेंढ्यांना चारा, आम्हाला मोकळ्या पाट्या. लेखी करार, कुणी हाकलणार नाही."

मी ऐकत होते. गवताचा डॉक्टर म्हणाला, "बाहेरच्या देशांत हे चांगलं चाललंय, आजी." जनावरांचा डॉक्टर म्हणाला, "शेळ्या नकोत, त्या पाट्यांवर चढतात. मेंढ्याच पाहिजेत."

मग रश्मी म्हणाली, "हे ऋतिकानंच मांडलं. पावसाळ्याच्या आधीपासून भांडत होती ती यासाठी. कुणी ऐकत नव्हतं. आधी वीजवाले नको म्हणाले, ते कबूल झाले तर कायदेवाले. एकेकाला पटवत बसली. तुम्हाला बोलली नाही का?"

न्हाई बोललीस. मृगाच्या आधीपासून तू हे धरून बसली होतीस, मेंढरं टेम्पोत चढली, गौरी गेल्या, आन् तुझ्या एकाही पत्रात त्याचं अक्षर न्हाई. औषधाचं लिहिलंस, गुडघ्याचं विचारलंस. एक ओळ लिहिली असतीस, आज्जे, थोडं थांबा, मी आतून काहीतरी करतीय, तर मी म्हाळूला धरून ठेवला असता. चारीत उभी होती ती मेंढरं, आणखी उभी राहिली असती. तुझी आई घरचा दाणा घालून जगवत होती त्यांना.

मी रश्मीला विचारलं, "तिनं का न्हाई सांगितलं?" ती म्हणाली, "मीही तिला म्हटलं होतं, घरी कळव. ती म्हणाली, पक्कं होईपर्यंत बाहेर बोलायचं नाही. आमच्या घरची तशीच रीत आहे म्हणाली."

पक्कं होईपर्यंत बाहेर बोलायचं न्हाई. हे तू कुणाकडून शिकलीस, ते मला लिहू नको. मला ठाऊक हाय.

म्हाळूला फोनवर सगळं सांगितलं. तो हसला. मला वाटलं आता तुझ्याविषयी काय तरी बोलंल. तेवढ्यात पलीकडं भोंगा झाला, तो म्हणाला, "शिफ्ट लागली आई, ठेवतो." मी दुसऱ्या दिवशी परत विचारलं, नवी मेंढरं धरशील का? म्हणाला, "वाट माहिती असलेली पाहिजेत. आता कुणाला दाखवत बसू." पायाला सूज बी हाय त्याच्या, सिमेंटवर उभं राहून. मी परत विचारणार न्हाई.

रश्मीनं जाता जाता टॅब काढला. म्हणाली, "तर आजी, तुमच्याकडं आता मेंढ्या किती?" तीच जागा, तेच घोंगडं, तोच सवाल. मी म्हणाले, "चहा घे." चहा पिल्यावर तिनं परत विचारलं. मी म्हणाले, "साखर जास्त झाली का?" धुरपदी तिच्या दारात कान लावून उभी होती. तिनं बी काय सांगितलं न्हाई, एवढं तिचं मानलं पाहिजे. रश्मी तुझ्यासारखी न्हाई, तिला मेंढराची लेंडी आन् शेळीची लेंडी वेगळी कळत न्हाई, मोकळं आवार बघून बी तिला काय दिसलं न्हाई. तिला वाटलं, या बारीला बी ती घाटाखाली गेली असतील. विकली हे तू तिला बी सांगितलेलं दिसत न्हाई.

ती म्हणाली, सोमवारी ती तुला घेऊन परत येणार हाय. तर नीट ऐक आन् तसंच कर. तुझा बाप घरी नसंल, त्याला रजा न्हाई. तुझी आई चुलीपाशी असंल, तिला कुणी काय विचारायचं न्हाई. मी बसेन, पण मी तोंड उघडणार न्हाई. टॅब रश्मीच्या हातात द्यायचा आन् तू माझ्या शेजारी घोंगड्यावर बसायचं. ती विचारंल, मेंढ्या किती. दोन-चार म्हणायचं न्हाई आन् मान खाली घालायची न्हाई. आता दृष्ट लागायला काय राहिलेलं न्हाई, तवा एक बी न्हाई, हा आकडा मोठ्यानं सांगायचा, धुरपदीच्या दारापर्यंत ऐकू जाईल असा. या बारीला जबाब तू द्यायचा.

रंभा